महिन्यातून एकदा, असं बाने सांगितलं

माझा बा दलसुर सारू तिहार, म्हणजे आमची दिवाळी, झाल्यावर गेला. फोनवर सगळ्यांनी लिहिलं की भला माणूस होता, देवमाणूस होता. भला होता, पण देवमाणूस वगैरे काही नव्हता, म्हशीला सुद्धा टोमणे मारायचा. मी त्याची थोरली, तिलसरा, याच गावात दिलेली. शाळा चौथीपर्यंत. पण बाचं जितकं मला माहीत आहे तितकं दुसऱ्या कुणाला नाही, एक ते सर्वेवाले सोडले तर.

माझा भाऊ लोकेन आमाच्या, म्हणजे आईच्या, पोटात आणि मी तिच्या कडेवर, तेव्हा आमच्या चितवन जिल्ह्यात हे सर्वेवाले आले. त्यांना बघायचं होतं की घरातली माणसं एकमेकांना किती धरून असतात, आजा नातवाला काय देतो, मुलगा म्हाताऱ्या बापाला विचारतो का, सून सासूला काय म्हणते. आणि एकदा बघून जाणार नव्हते. तीच घरं, तीच माणसं, पुन्हा पुन्हा, मरेपर्यंत, आणि ती मेली की त्यांची मुलं. चिठ्ठ्या टाकल्या त्यात आमचं घर निघालं. बाला वाटलं आपण निवडून आलो.

त्यांच्यातल्या कुणीतरी पहिल्याच दिवशी बाला सांगितलं की इथं कुणी खोटं बोललं तर सगळ्यांची मेहनत पाण्यात जाते. ते बाने इतकं मनावर घेतलं की विचारू नका. पालपाच्या डोंगरातून उतरलेला माणूस, त्याला आयुष्यात कुणी काही विचारलेलं नाही, आणि इथं एक शिकलेला बाहुन, म्हणजे ब्राह्मण, आमच्या अंगणात चटईवर बसून विचारतोय, तुम्ही नवराबायको किती वेळा भांडता.

बा म्हणाला, 'मी भांडत नाही, ती भांडते. परवा भाताच्या पळीने मारलं.'

'कुठे?'

'चुलीजवळ.'

'तसं नाही, अंगावर कुठे.'

'ते पण लिहायचं? मग थांबा, दाखवतोच.'

आमाने त्या दिवशी बाला जेवायला वाढलं नाही. आणि पुढच्या खेपेला बाने ते पण सांगितलं.

तो विचारणारा म्हणजे टीकाराम ढुंगाना. वर्षानुवर्षं तोच यायचा, सायकलवर, नंतर मोटारसायकलवर. बाची आणि त्याची जी जमली ती जमली. तो फाटकातून आत आला की बा ओरडायचा, 'ये बाहुन, आज कुणाकुणाच्या घरची भांडणं गोळा केलीस?' तो म्हणायचा, 'तुझ्याइतका साठा कुणाकडे नाही सारू.' बा त्याला मुद्दाम डुकराचं मटण दाखवायचा, म्हणायचा एक तुकडा घे, कुणाला सांगणार नाही. तो म्हणायचा, 'तू सांगणार नाहीस? तू तर बायकोचा मार पण सांगतोस.'

आता लोकेनचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

आमच्या मगर जातीत मुलाने मामाची मुलगी करायची. मामाने मुलगी राखून ठेवलेली असते, तिथं जायचंच. लोकेन वयात आला तसा बा एक दिवस दह्याची लाकडी ठेकी आणि घरची दारू, रक्सी, घेऊन मामाकडे निघाला. लोकेन पुढे चालत होता, डोक्यावर ठेकी. वाटेत उसाच्या शेताजवळ वळण आहे. वळणाच्या अलीकडे लोकेन होता, पलीकडे फक्त ठेकी होती, रस्त्याच्या कडेला नीट ठेवलेली, वर पानाचं झाकण तसंच.

दुसरा कुणी परत फिरला असता. बाने ठेकी उचलली, मामाकडे गेला आणि म्हणाला, दही आणलंय, मुलगा मागून येतोय. मामाने दही खाल्लं. संध्याकाळपर्यंत दोघं दाराकडे बघत बसले. मामाची मुलगी पुढे दुसरीकडे दिली, तिला मुलं झाली, पण मामा आमच्या दारावरून आपल्या गिरणीवर जाताना बाला, बहिणीच्या नवऱ्याला, हाक मारल्याशिवाय जायचा नाही, 'काय भिनाजू, भाचा पोचला का?'

लोकेनचा फोन नाही, निरोप नाही. मेला असं म्हणायला पण काही नाही. टीकाराम आला की विचारायचा, त्याला विचारावंच लागायचं.

'मुलगा कुठे आहे?'

'माहीत नाही.'

'शेवटचं बोलणं कधी झालं?'

'ठेकीच्या दिवशी.'

'काय बोललात?'

'जपून चाल, दही सांडेल.'

टीकाराम ते दरवर्षी लिहून घ्यायचा.

आणि मग एका वर्षी टीकारामने तो प्रश्न विचारलाच नाही. तोवर कागद जाऊन हातात ती पाटीसारखी मशीन आली होती. लोकेनचं नाव आलं आणि तो पुढे सरकला. बा म्हणाला, 'अरे, माझा मुलगा राहिला.' टीकाराम म्हणाला, 'त्याचं आता आमच्याकडे आहे.' म्हणाला आणि जीभ चावली.

बा उभाच राहिला.

सर्वेवाल्यांचं असं आहे की एकदा नाव घेतलं की सोडत नाहीत. गावातली पोरं परदेशी गेली तर ऑफिसातून फोन लावून विचारतात. लोकेनला त्यांनी कुठून तरी शोधून काढला होता. आणि त्यांचा नियम असा की एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. बापाचं मुलाला नाही, मुलाचं बापाला नाही.

बा म्हणाला, 'जिवंत आहे का, एवढंच सांग.'

'सांगता येत नाही.'

'मेला असता तर सांगितलं असतंस?'

'ते पण सांगता आलं नसतं.'

'फोन उचलतो ना पण? मेलेला फोन उचलतो का?'

'सारू, मी काही म्हणालेलो नाही.'

'कुठे आहे?'

'मी बघितलंच नाही. शपथेवर. बघितलं तर तुझ्यासमोर तोंडातून जाईल, म्हणून त्या पानावर मी गेलोच नाही.'

आमा आतून म्हणाली, 'या माणसाला पळी लागेल आता.'

बा बरेच दिवस विचार करत होता. म्हशीला गवत घालताना थांबायचा आणि हसायचा. मी विचारलं, काय चाललंय. तर म्हणाला, 'परक्याला सांगता येत नाही म्हणतो ना? मग त्याला परका ठेवायचाच नाही.'

आणि भर हाटाच्या दिवशी, सगळं गाव भाजी घेतंय, बाने टीकारामसमोर ताट धरलं. टिका, दुबो म्हणजे दूर्वा, नवी टोपी, धोतर. म्हणाला, 'मीत लावतो.' आता हे असं समोर आल्यावर नाही म्हणायचं नसतं, देव कोपतो आणि लोक देवाच्या आधी कोपतात. टीकाराम हातात मुळे घेऊन उभा. म्हणाला, 'सारू, हा डाव आहे.' बा म्हणाला, 'डाव असेल, पण टोपी नवी आहे, घाल.'

घातली. काय करणार.

मीत म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा. त्याच्या घरी सुतक ते आपलं सुतक, त्याची मुलं ती आपली, मुलांची लग्नं एकमेकांत होत नाहीत. पण मिताला अरेतुरे करायचं नाही, थट्टा करायची नाही, नाव घ्यायचं नाही. हे बाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं एकमेकांना शिव्या घालून बोलणारी दोन माणसं, आता अंगणात समोरासमोर बसायची.

'मितज्यू, आपली तब्येत?'

'आपल्या कृपेने.'

'पाणी घ्यावं.'

'आधी आपण घ्यावं.'

आणि पाणी तसंच. आमा म्हणाली, यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या, निदान भांडी रिकामी व्हायची.

टीकाराम सरळ माणूस, त्याने ऑफिसात जाऊन स्वतः सांगितलं की अमुक घरचा म्हातारा माझा मीत झाला. झालं. त्यांचा नियम, नात्यातल्या माणसाने नात्यातल्या घरी विचारायला जायचं नाही. पण मीत हे नातं आहे का? त्यांच्या पुस्तकात जन्माने, लग्नाने आणि दत्तक घेतल्याने एवढीच नाती. मोठ्या साहेबाने त्याच्याहून मोठ्या साहेबाला विचारलं, त्याने समुद्रापलीकडे विचारलं. तिकडून उत्तर आलं की शंका असेल तर नातं आहे असंच धरा. मग टीकारामकडून आमचं घर काढून घेतलं आणि त्याच्या मशीनमधून आमची पानं बंद केली.

तो येऊन म्हणाला, 'मितज्यू, आता मी आपला भाऊ. आपल्याला सांगायला माझी जीभ मोकळी आहे. पण मला आता काही दिसत नाही.'

बाला शिवी द्यायची होती, पण देता येत नव्हती. शेवटी म्हणाला, 'मितज्यू, आपण फार विद्वान आहात.'

त्यानंतर बा पहिल्यांदा खचला. ठेकीच्या दिवशी खचला नव्हता. मला म्हणाला, 'तिले, सगळ्या दुनियेला माहीत आहे माझा पोरगा कुठे आहे, समुद्रापलीकडच्याला माहीत आहे. मीच निवडून आलो आणि मलाच नाही.'

टीकारामच्या जागी जी मुलगी पाठवली ती बिपना महतो, थारू जातीची, नवीनच लागलेली. ती आली तेव्हा मी तिथंच मका सोलत होते. चप्पल काढून बसली आणि मशीन बघून वाचायला लागली, आणि घाईने, कारण तिला अजून तीन घरं करायची होती. नातवंडांचं पान आलं. आता हे असं आहे की मशीन सगळ्यांची सगळी माहिती आपोआप एकत्र आणते, कोण कुणाचा कोण ते तिला ठाऊक असतं, आणि कुठे थांबायचं ते विचारणाऱ्याने बघायचं असतं. टीकारामला ते माहीत होतं. तिला नव्हतं.

'तिलसराचा मुलगा. त्याच्याशी किती वेळा बोलता? रोज, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा, वर्षातून एकदा, कधीच नाही?'

'रोज. बघ, तुझी चप्पल घालून हिंडतोय.'

'लोकेनची मुलगी, निला. तिच्याशी किती वेळा बोलता?'

माझ्या हातातलं कणीस पडलं. आमा दारात आली.

बिपनाने वर बघितलं, आमची तोंडं बघितली, मग खाली मशीनकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला की मला तिचीच भीती वाटली. एवढंसं तोंड. नोकरी लागून महिना झाला नव्हता बिचारीला.

बा हलला नाही. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, 'महिन्यातून एकदा.'

आमा म्हणाली, 'कुणाशी?'

'तू गप बस, तुला ऐकू कमी येतं. लिही बाई. महिन्यातून एकदा.'

बिपना हळूच म्हणाली, 'म्हणजे आजोबा, तुम्हाला माहीत होतं?'

'नात कुणाला माहीत नसते का? पुढचं विचार.'

'फोनवर की भेटून?'

'फोनवर.'

'कशाबद्दल बोलता? शाळा, तब्येत, पैसा, इतर?'

'म्हशीबद्दल.'

'इतर,' ती म्हणाली आणि दाबलं. जाताना बाच्या पाया पडली. तसं सर्वेवाल्यांत कुणी करत नाही.

ती गेल्यावर आमा बाच्या समोर जाऊन उभी राहिली. 'माझ्या पळीचं सुद्धा खरं सांगितलंस, आणि आज खोटं बोललास.'

'खोटं नाही. अजून व्हायचंय.'

मग तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी मागून गेले तर म्हशीला सांगत होता, निला. नुसतं नाव. निला, निला, असं.

आता ऑफिसात काय झालं ते लोकेनने नंतर सांगितलं म्हणून माहीत. मशीनला दोन गोष्टी जुळेनात. म्हातारा म्हणतो महिन्यातून एकदा, मुलगा म्हणतो माझी मुलगी आजोबांशी कधीच बोलली नाही. असं जुळलं नाही की फोन करून पुन्हा विचारायचं, हा पण नियम. आणि का विचारतो ते सांगायचं नाही, हा दुसरा नियम. लोकेन केरळात एका हॉटेलात स्वयंपाकी. पोळ्या लाटता लाटता फोन आला.

'तुमची मुलगी आजोबांशी किती वेळा बोलते?'

'सांगितलं ना, कधीच नाही.'

'नक्की?'

'नक्की.'

'नीट आठवून बघा. महिन्यातून एकदा तर नाही?'

'नाही हो.'

'फोनवर सुद्धा नाही? म्हशीबद्दल वगैरे?'

लोकेन म्हणाला, दिदी, म्हशीबद्दल म्हटल्यावर माझ्या हातातलं लाटणंच थांबलं. अशी म्हैस दुनियेत एकाच माणसाकडे.

त्याच्याकडे आमच्यापैकी कुणाचा नंबर नव्हता. पाठ होता तो एकच, मामाच्या गिरणीचा. म्हणून फोन गेला मामाला. मामा पिठाने पांढरा झालेला, एका हाताने सायकल, दुसऱ्या हातात चालू फोन, असा आमच्या अंगणात आला आणि बाच्या हातात देऊन म्हणाला, 'घ्या भिनाजू. मागून येणारा आला.'

बा धार काढत होता. फोन कानाला लावला.

'बा, मी लोकेन.'

'हं.'

'बा, तू त्या लोकांना काय सांगितलंस?'

'काय सांगायचंय. निलाशी महिन्यातून एकदा बोलतो म्हणून.'

'पण तू कधी बोललास?'

'तेच म्हणतोय. महिना संपत आला. दे तिला.'

लोकेन तिकडे रडत होता की हसत होता ते मला बाहेरून कळलं नाही. मग पोरीचा आवाज आला. तिला तिकडचीच बोली येते, आईची. आमचं एक अक्षर नाही. बाला तिचं एक अक्षर नाही. पण बाने सांगितलेलं होतं की म्हशीबद्दल बोलतो, म्हणून तो म्हशीबद्दल बोलला. किती दूध देते, शिंग कसं मोडलं, कुणाला मारते. पोरगी मध्येच तिचं काहीतरी सांगायची, बा म्हणायचा, 'बरोबर आहे. ही पण तशीच करते.' मामा उभा राहून ऐकत होता. फोन त्याचा होता.

मग लोकेन दर दोन दिवसांनी फोन करायला लागला. तर बा घ्यायचा नाही. लोकेनशी बोलायचा, पण निलाशी नाही. 'महिन्यातून एकदा सांगितलंय,' म्हणायचा. 'ते लोक समुद्रापलीकडून बघतात. एकदा खोटं बोललो ते खरं करून घेतलं. आता पुन्हा खोटं करू?' आमाने पळी दाखवली तरी ऐकलं नाही. महिना भरला की सकाळी अंघोळ करून, टोपी घालून फोनपुढे बसायचा. म्हशीला त्या दिवशी जास्त पेंड.

असाढात त्याची छाती भरली. भरतपूरच्या हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरने घरी न्या म्हटलं. महिना भरायला अजून बरेच दिवस होते. लोकेन फोनवर, निला शेजारी, आणि बा तोंड भिंतीकडे करून पडलेला. 'अजून वेळ झाली नाही,' म्हणाला. मी पाया पडले, उपयोग नाही.

शेवटी टीकाराम आला, खाटेच्या कडेला अदबीने बसला आणि म्हणाला, 'मितज्यू, पुढच्या महिन्यातलं उसनं घ्यावं.'

बाने विचार केला. 'तसं चालतं?'

'त्यांच्या पुस्तकात मनाई नाही. मी इतकी वर्षं आहे तिथं.'

मग बाने पुढच्या महिन्यातलं घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या महिन्यातलं. मग रोजच घ्यायला लागला. दसैंला म्हणजे दसऱ्याला, तिहारला, सगळं उसनं. श्वास पुरायचा नाही, पण म्हैस काय करते ते सांगायचा, आणि पोरगी तिकडून बडबडायची. गेला तेव्हा पुढच्या कित्येक वर्षांचं बोलणं वापरून बसला होता.

टीकारामने सुतक पाळलं. ऑफिसात रजा मागितली तर म्हणाले, मीत हे नात्यात बसत नाही. घर काढून घेताना बसत होतं. तो बिनपगारी बसला.

लोकेन दोन दिवसांनी पोचला, बायको आणि निलाला घेऊन. क्रिया त्याने केली. तेरावा झाला तरी गेला नाही, जाणार असं पण म्हणाला नाही. तिकडे नोकरी आहे, पोरीची शाळा आहे. आमा त्याच्याशी अजून सरळ बोलली नव्हती. ताट पुढे ठेवायची आणि उठून जायची. निला तिच्या मागे मागे गोठ्यात.

मग बिपना आली. घरात माणूस गेला की त्यांना यावं लागतं. बाच्या नावापुढे काहीतरी दाबलं, आणि डोळे पुसले, आणि पुढचं विचारलं. घरात कोण कोण राहतं. आमचं उत्तर नेहमी चुलीवरून असतं, एका चुलीवर जेवतो तो घरातला.

'आणि लोकेन?' ती म्हणाली. 'तो कुठे राहतो लिहू?'

लोकेन दाराला टेकून उभा होता. त्याने आमाकडे बघितलं. तो स्वतः सांगू शकला असता, पण सांगितलं नाही.

आमा म्हणाली, 'आज इथं जेवला.'

'आजचं नाही आमा. साधारणपणे.'

'साधारणपणे मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू. आज इथं जेवला, दोनदा भात घेतला.'

बिपना बोट वर धरून तशीच बसली. मग तिने काय दाबलं ते मी बघितलं नाही, कारण आमा आत गेली होती आणि रात्रीच्या तांदळाला किती जणांचं माप घेऊ ते लोकेनला विचारत होती.